चारठाण्याची तक्रार

परभणीत स्टेशन रोडला 'आरास होम फर्निशिंग' नावाचं दुमजली दुकान होतं. खाली पडदे, सोफ्याचं कापड, चादरी, पायपुसणी. वर सगळ्या गाद्या. त्या वरच्या मजल्यावर सुमंगला सात वर्षं उभी होती. उभी होती म्हणजे खरोखरच उभी. मजल्यावर बावीस गाद्या अंथरलेल्या, एकीपेक्षा एक मऊ, आणि कामावरच्या माणसानं गिऱ्हाइकासमोर बसायचं नाही असा दुकानाचा नियम. सकाळी दहाला जिना चढायचा आणि दुकान बंद होताना उतरायचा. तिच्या घोट्यांजवळच्या शिरा निळ्या होऊन वर आल्या होत्या. घरी गेली की ती आधी भिंतीला पाय लावून दहा मिनिटं पडायची, मग कुकर लावायची.

काम मात्र तिला मनापासून यायचं. खेड्यातली माणसं वर आली की मुठीनं गादी दाबून बघत आणि मान हलवत. सुमंगला त्यांना सांगायची की असं कळत नाही, जरा आडवं व्हा. चारचौघांत आडवं व्हायला माणसं लाजायची. बायका तर पदर सावरून नुसत्या कडेला टेकायच्या. मग सुमंगला त्यांच्याकडे पाठ करून चादरींच्या घड्या घालत असल्यासारखं करायची. तेवढ्यात माणूस पाय वर घ्यायचा, डोळे मिटायचा, आणि मागून एक लांब श्वास ऐकू यायचा. तो श्वास ऐकला की तिला कळायचं, ही गादी गेली. दुकानाच्या मालकाचा मुलगा विवेक कारभार बघायचा. तो नव्या पोरींना सांगायचा, सुमंगलाबाईंकडून शिका.

लिंबाजी दुकानात आला तेव्हा पोळा होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. पंचेचाळिशीचा उंच माणूस, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याचा. चपला त्यानं जिन्याखालीच काढल्या होत्या. खिशातून त्यानं सुतळी काढली. तिला दोन गाठी मारलेल्या होत्या, एक पलंगाच्या लांबीची, एक रुंदीची. सुतळी सुमंगलाच्या हातात देत तो म्हणाला, माय पडून हाय, कमरेखालचं सगळं गेलंय, डॉक्टरनं सांगितलं आता अशीच राहणार. तिला चांगल्यातली चांगली गादी द्यायची होती.

पडून असलेल्या माणसाला काय लागतं हे सुमंगलाला माहीत होतं. तिची सासू लकव्यानं अकरा महिने अंथरुणावर होती. दवाखान्यातल्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की मऊ गादीवर भुलू नका, माणूस तिच्यात रुततो आणि एकाच जागी भार पडून कातडी सडते. मोटारवाली हवेची गादी आणा, आणि काही झालं तरी दर दोन तासांनी कूस बदला. सुमंगलानं अकरा महिने गजर लावून कूस बदलली होती. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. ती हवेची गादी अजून तिच्या घरी माळ्यावर होती.

हे सगळं तिच्या ओठावर आलं होतं. पण महिन्याची अखेर होती. दहा इंची फोमच्या दोन गाद्या उन्हाळ्यापासून पडून होत्या आणि त्या काढा म्हणून विवेक चार दिवस मागं लागला होता. आत्ताही तो जिन्याच्या कठड्याला टेकून मोबाइलवर बोलत होता, पण लक्ष इकडंच होतं. सुमंगला लिंबाजीला त्या गादीपाशी घेऊन गेली. त्यानं तळवा ठेवला. तळवा आत गेला आणि काढल्यावर हाताचा ठसा हळूहळू भरून आला. तो बघतच राहिला.

ती म्हणाली, "आईंना हिच्यावर काही त्रास होणार नाही."

लिंबाजीनं तिच्याकडे पाहिलं. "ताई, तुमची माय असती तर हीच घेतली असती का?"

"हो," सुमंगला म्हणाली.

दुपारी गादी टेम्पोत चढली. विवेकनं खालून वर बघून अंगठा दाखवला. त्या दिवशी घरी जाताना तिला काही विशेष वाटलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दोन मोठी गिऱ्हाइकं एकदम आली आणि ते मागं पडलं.

दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चारठाण्याहून दुकानात फोन आला. गादी मधे दबलीय, तापते, मायला झोप लागंना, कोणाला तरी पाठवा. अशा तक्रारीला कंपनीची ठरलेली पद्धत होती. गादीवर आडवी काठी ठेवायची, मधल्या खोलग्याची पट्टीनं मापं घ्यायची, फोटो काढायचे आणि फॉर्म भरायचा. चार सेंटीमीटरच्या आतला खोलगा असेल तर दोष नाही असं लिहायचं. हे काम करणारा माणूस गावाकडं गेला होता. टेम्पो जिंतूरला सोफा घेऊन निघालाच होता, म्हणून विवेकनं सुमंगलाला सांगितलं, तुम्हीच जाऊन या, तुमचंच गिऱ्हाईक आहे.

टेम्पोवर ड्रायव्हर गोपाळ होता. झरी, बोरी ही गावं मागं टाकत ते जिंतूरला पोचले, सोफा उतरवला आणि चारठाण्याचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना तूर फुलली होती. गावात शिरल्यावर गोपाळनं पडक्या देवळाच्या दगडांशी बसलेल्या म्हाताऱ्यांना घर विचारलं. त्यातला एक उठून टेम्पोपुढं चालत घरापर्यंत आला.

लिंबाजी शेतात होता. दारात त्याची बायको पार्वतीबाई आली, हात पिठाचे. तिनं चहाचं आधण ठेवलं आणि मगच त्यांना आत नेलं. खोली स्वच्छ होती, उदबत्तीचा वास होता, आणि त्या वासाखाली दुसरा एक वास होता. सुमंगला उंबऱ्यातच थबकली. तो वास तिनं दवाखान्यात इतरांच्या खाटांपाशी घेतला होता.

पलंगावर सगुणाबाई उताण्या पडल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, कपाळावर मोठं हिरवट गोंदण, चेहरा वाळलेला पण डोळे लख्ख. कोण आलंय हे सुनेनं सांगितल्यावर त्यांनी हात पुढं केला आणि सुमंगलाचा हात धरून ठेवला.

"तूच का ती गादीवाली? लिंबा लय सांगायचा तुपलं. लय चांगली गादी दिलीस, बाई. ढगावर पडल्यावानी वाटायचं. आता जरा तापायलीय, एवढंच."

सुमंगलानं हलकेच हात सोडवला. मापं घ्यायची तर म्हातारीला उचलायला हवं होतं. गोपाळ पुढं झाला, पण तिनं त्याला बाहेर थांबायला सांगितलं. मग पार्वतीबाईनं खांद्याखाली आणि तिनं कमरेखाली हात घालून सगुणाबाईंना कुशीवर वळवलं.

लुगडं ओलं होतं. माकडहाडाशी तळहाताएवढी जखम होती, कडा काळ्या आणि मधे खोल. त्याखाली चादरीवर, चादरीखालच्या फोमवरही डाग उतरला होता. सगुणाबाईंना त्याचं काही कळत नव्हतं. त्या भिंतीकडे तोंड करून नातवाच्या शाळेचं काहीतरी सांगत होत्या.

पार्वतीबाई हळू आवाजात सांगू लागली. आधी नुसतं लाल झालं होतं. वाटलं, नव्या गादीच्या गरमीनं झालं असेल, म्हणून पावडर लावली. मग कातडी निघाली, तेव्हा हळद भरली. गावातल्या डॉक्टरांनी मलम दिलं, जिंतूरला न्या म्हणाले, पण सोयाबीन काढायचं होतं, तुरीची फवारणी होती, दिवस गेले.

सुमंगलानं विचारलं, कूस बदलत होता का.

"आधी बदलायचे की. वाकळंवर व्हत्या तवा घडीघडीला म्हणायच्या, पारू, पाठीला रुतायलंय, वळव मला. दिसातून दहादा वळवायचे मी त्यायला. नवी गादी आली अन् रुतायचंच बंद झालं. यांनी सांगितलं, दुकानातली बाई म्हणाली, आता काही तरास न्हाई." पार्वतीबाईनं पदरानं डोळे पुसले नाहीत की आवाज चढवला नाही. जे झालं ते सांगत होती. "मंग कशाला हालवायचं म्हणून निजू दिलं."

सुमंगलाच्या हातातली पट्टी तशीच राहिली. त्या वाकळेवर ही बाई धड होती. कमरेच्या वरचं अंग बोलत होतं म्हणून सून तिला वळवत होती. सुमंगलानं विकलेल्या गादीनं ते बोलणं बंद केलं होतं.

तिनं मापं घेतली नाहीत. लिंबाजीला बोलावून घ्या म्हणाली. तोवर तिनं पार्वतीबाईकडून गरम पाणी मागून घेतलं, जखमेभोवतीचं अंग पुसलं, स्वच्छ धोतराची घडी लावली आणि पाठीमागं गोधडीची गुंडाळी ठेवून सगुणाबाईंना कुशीवरच टेकवलं. लिंबाजी आला तो चिखलाच्या पायांनी. त्यानं जखम पहिल्यांदाच पाहिली. मायचं अंग लेकानं कसं बघायचं म्हणून इतके दिवस त्यानं बायकोच्या सांगण्यावर भागवलं होतं. तो भिंतीला धरून खाली बसला.

सुमंगला म्हणाली, आजच्या आज दवाखान्यात न्यायचं, गाडी दारात आहे. गोपाळनं एका शब्दानंही कुरकुर केली नाही. टेम्पोत वाकळा अंथरल्या, त्यावर सगुणाबाईंना कुशीवर निजवलं आणि दोन्ही बाजूंनी पार्वतीबाई आणि सुमंगला बसल्या, लिंबाजी पुढं गोपाळजवळ. रस्त्यात खड्डा आला की दोघी मिळून त्यांना अधांतरी धरायच्या. जिंतूरला सरकारी दवाखान्यात जखम धुऊन बांधली आणि पुढं परभणीला पाठवलं. दिवस मावळता सगळे सिव्हिलच्या वॉर्डात पोचले.

डॉक्टर जखम साफ करत होते तेव्हा पार्वतीबाई आत होती. लिंबाजी आणि सुमंगला बाहेरच्या बाकावर. विवेकचे चार फोन येऊन गेले होते, ते तिनं घेतले नव्हते. ती आता उठून गेली असती तरी कोणी तिला काही म्हणालं नसतं. लिंबाजीनं तर दोनदा हात जोडले होते, ताई, तुमी आलात म्हणून झालं.

दुसऱ्यांदा त्यानं हात जोडले तेव्हा तिला ते सहन झालं नाही.

"दादा, हात जोडू नका. त्या दिवशी मला माहीत होतं."

"काय माहीत व्हतं?"

तिनं सांगितलं. सासूबाईंचं, सिस्टरचं, माळ्यावरच्या गादीचं, सगळं सांगितलं. लिंबाजी ऐकत राहिला. वॉर्डातून एक बाई बादली घेऊन गेली, परत आली.

"मंग बोलल्या काऊन न्हाईत?"

विवेक कठड्याला टेकलेला होता, महिनाअखेर होती, दोन गाद्या पडून होत्या. हे सगळं तिच्याजवळ होतं, पण त्या बाकावर त्यातलं एकही उच्चारण्यासारखं वाटेना. "बोलायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "नाही बोलले."

लिंबाजी उठला. नळावर जाऊन तोंड धुतलं, पाणी प्यायला आणि परत येऊन बाकाच्या पार टोकाला बसला. तिथूनच म्हणाला, "मपल्या मायला हे सांगू नका. तिला तुमी चांगल्या वाटता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंगलानं फॉर्म भरून विवेकच्या टेबलावर ठेवला. खोलग्याची जागा तिनं मोकळी सोडली होती. खाली शेऱ्यात लिहिलं होतं, ही गादी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी योग्य नाही, विकताना हे सांगितलं नाही, रुग्णाला जखम झाली आहे, विक्री मी केली. खाली पूर्ण सही.

विवेकनं तो दोनदा वाचला. तो वाईट माणूस नव्हता. कंपनीला असं कळवलं तर एजन्सी काढून घेतील, असं त्यानं समजावलं. नुसती मापं लिहा, बाकी आपण आपल्यात बघू. सुमंगला म्हणाली, कागदाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, दुसरा मी लिहिणार नाही. त्यावर विवेक चिडला नाही. खुर्चीत मागं टेकून तो म्हणाला, "मॅडम, पडून असलेल्या माणसाला काय लागतं हे मला कुठं माहीत होतं? मी गाद्या काढा म्हणालो. कोणाला द्या हे नाही म्हणालो. माहीत तुम्हाला होतं."

ते खरं होतं. ती जिना चढून वर गेली आणि गाद्यांवरची धूळ झटकू लागली.

पुढच्या दिवसापासून सकाळी सात वाजता ती दवाखान्यात जाऊ लागली. माळ्यावरची हवेची गादी तिनं काढली, मोटार नवऱ्याकडून दुरुस्त करून घेतली आणि पहिल्याच सकाळी ती सगुणाबाईंच्या खाटेवर घातली. रोज नऊपर्यंत ती तिथं असायची. पार्वतीबाईला आंघोळीला, जेवायला मोकळं करायची, कूस बदलायची, ड्रेसिंगच्या वेळी धरून ठेवायची. सगुणाबाई तिला गावच्या गोष्टी सांगत. लिंबाजी मात्र ती आली की बाहेर निघून जायचा. येऊ नका असं तो कधी म्हणाला नाही, पण अकरा दिवस तो तिच्याशी बोलला नाही. बाराव्या दिवशी ती निघताना तो दारात उभा होता. डॉक्टर म्हणाले जखम खालून भरायलीय, एवढंच त्यानं सांगितलं. सुमंगलानं मान हलवली आणि दुकानाची वाट धरली.

विवेकनं तो फॉर्म कंपनीला पाठवला की नाही हे तिला कधीच कळलं नाही. एका दुपारी गोपाळ टेम्पो घेऊन चारठाण्याला गेला आणि ती गादी उचलून घेऊन आला. लिंबाजीचे पैसे दुकानातून परत गेले. तो डाग पडलेला फोम मागच्या गोदामात काही दिवस उभा होता. मग विवेकनं सुमंगलाला खालच्या मजल्यावर पडद्यांना लावलं. शिक्षा म्हणून की तिच्यासाठी बरं म्हणून, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. वर तिच्या जागी वैष्णवी नावाची बावीस वर्षांची मुलगी आली. तिला काम शिकवताना सुमंगलानं पहिल्या दिवशी गाद्यांचे प्रकार सांगितले नाहीत. कोणी पडून असलेल्या माणसासाठी गादी मागितली तर काय विचारायचं, काय सांगायचं आणि मेडिकलच्या दुकानात कसं पाठवायचं, ते सांगितलं. विवेक काउंटरवरून ऐकत होता.

सगुणाबाईंना पौषात घरी नेलं. सुमंगला महिन्यातून एखाद्या रविवारी बसनं चारठाण्याला जाऊन यायची. लिंबाजी असला तर रामराम करायचा, पाणी द्यायचा. त्याच्या वागण्यात राग नव्हता, पण पहिल्या दिवशी दुकानात त्यानं ज्या नजरेनं तिच्याकडं पाहिलं होतं, ती नजर पुन्हा आली नाही. येणार नाही हे सुमंगलानंही धरूनच ठेवलं होतं.

होळीच्या आधी सगुणाबाईंना ताप भरला, छातीत कफ झाला आणि तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. सुमंगलाला पार्वतीबाईचा फोन आला तो सगळं उरकल्यावर. ती तेराव्याला गेली. अंगणात मांडव होता, पंगती उठत होत्या. खोलीतला पलंग उभा करून भिंतीला लावला होता आणि हवेची गादी धुऊन, वाळवून, घडी घालून कोनाड्यात ठेवली होती. पार्वतीबाई ती परत द्यायला निघाली, तेव्हा सुमंगला म्हणाली, राहू द्या, गावात कोणाला लागली तर द्या.

दोघी आतल्या खोलीत खाली बसल्या. बाहेर लिंबाजी वाढप्यांना काही सांगत होता, त्याचा आवाज येत होता. पार्वतीबाई हातातल्या बांगड्या फिरवत होती.

"शेवटची आंघोळ मीच घातली त्यायला," ती म्हणाली. "पाठ नीट पाहिली. भरून आली व्हती सगळी. कोरडी व्हती."

सुमंगलानं पदर तोंडाला लावला. सासूबाई गेल्या तेव्हा ती रडली नव्हती, त्या वेळी फार थकली होती. आता ती रडली. पार्वतीबाई शेजारी बसून राहिली.

थोड्या वेळानं लिंबाजी दारात आला. त्यानं दोघींकडं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, जेवून घ्या. तीनची बस हाय तुमची."

सुमंगला उठली, हातपाय धुतले आणि शेवटच्या पंगतीला जाऊन बसली.